काठावरचे तपकिरी ठिपके

आज पुन्हा तीच स्लाइड. कर्करोगाच्या गाठीचा ४ मायक्रॉनचा काप, सीडी-८चा रंग (गाठीवर हल्ला करणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तपकिरी दाखवणारा), गाठीच्या कडेने तपकिरी ठिपक्यांची दाट झालर आणि आत शुकशुकाट. आधी रंगावरच संशय घेतला. काप कडेला सुकला की तिथे खोटा तपकिरीपणा चढतो. पण ही कड कापाची नव्हती, गाठीची होती. रंगाच्या पडताळणीसाठीचा टॉन्सिलचा काप, म्हणजे कंट्रोलही ठीक. प्रत्येक ठिपक्याभोवती नीट कडं. टी-पेशीच त्या. इथवर आल्या आणि थांबल्या.

वाईट नेमकं कशाचं वाटतंय? गाठ वाढते याचं नाही, ती वाढणारच. आडवे आलेले आपलेच आहेत, हे खुपतंय. गाठीकडून टीजीएफ-बीटा हे संदेश देणारं प्रथिन आलं की फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतकाचे धागे विणणाऱ्या पेशी, जखम समजून कामाला लागतात, कोलॅजनचे धागे ओढून ताठ करतात. टी-पेशी त्या धाग्यांच्या कडेकडेनेच सरकत राहते. ड्वोरॅक या पॅथॉलॉजिस्टने १९८६ मध्ये गाठीला न भरणारी जखम म्हटलं, ते उगाच नाही.

मॅक्रोफेज या भक्षक पेशींचंही तेच. आले साफसफाईला, आता व्हीईजीएफ हे वाढीचं प्रथिन सोडून गाठीला रक्तवाहिन्या आणून देतात. त्याही गळक्या. जाऊ दे.

पण आपलेच ना! आणि ज्या टी-पेशी आत पोचतात त्यांची गत पाहा. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे हल्ल्याचा संदेश देणारं प्रथिन सोडते, त्याच्याच चाहुलीने गाठीतल्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन अंगावर चढवतात, ते टी-पेशीवरच्या पीडी-१ला भिडतं आणि हल्ला थंड. हा ब्रेकही गाठीचा नाही. संसर्ग लांबला तर आपलंच ऊतक होरपळू नये म्हणून तो आहे. औषधाने तो सोडवता येतो, पण गाडी फाटकाबाहेरच उभी असेल तर ब्रेक सोडून उपयोग किती?

मग फाटकच उखडा, असं दुपारभर डोक्यात. तेही करून झालंय. २०१४ मध्ये उंदरांच्या स्वादुपिंडातल्या गाठींमधले असे फायब्रोब्लास्ट हटवले, तर गाठी जास्तच आक्रमक झाल्या. म्हणजे ज्यांच्या नावाने मी बोटं मोडत होतो, ते गाठीलाही थोडंफार आवरून धरत होते. घ्या! आता चिडायचं तरी कोणावर?

रिपोर्टात लिहिलं: कडेला दाट, आत जवळजवळ नाहीत. उद्या याच ब्लॉकच्या (मेणात बसवलेल्या ऊतकाच्या) कापावर पीडी-एल१चा रंग. निदान १०० जिवंत गाठपेशी मिळाल्या तरच मोजायचं. झालर काय, असेल तिथेच.