शेवटचा हप्ता आणि ओली भिंत: ताब्याचा माझा अनुभव

ताबा घ्यायला या, असा बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा माझा शेवटचा हप्ता द्यायचा राहिला होता. आधी घर तपासतो, मग पैसे देतो, असं मी कळवलं. त्यांना ते आवडलं नाही. पण निवृत्तीपर्यंत फेडायच्या कर्जावर घेतलेलं घर नुसता रंग बघून कोणी का ताब्यात घ्यावं?

ओळखीचे एक अनुभवी गवंडी सोबत आले. त्यांनी लाकडी दांड्याने फरशा ठोकायला सुरुवात केली. खाली मसाला नीट भरलेला असेल तर आवाज भरीव येतो. हॉलच्या एका कोपऱ्यात ओळीने फरशा पोकळ वाजल्या. वजन पडलं की अशाच फरशा तडकतात. बेडरूममध्ये कॉलम आणि विटांची भिंत जुळते तिथे वरपासून खालपर्यंत सरळ भेग होती. ऊन-थंडीत वीट आणि काँक्रीट सारखं हलत नाही, म्हणून त्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारतात. इथे ती मारलेलीच नव्हती.

मला सर्वात जास्त संताप आला तो बाथरूमचा. पाणी वाहून जायच्या जाळीचं तोंड बंद करून फरशीवर पाणी साठवलं आणि २४ तास तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी खालच्या घराच्या छताला ओल, आणि आमच्या बेडरूमच्या भिंतीला बाहेरून डाग. साइट इंजिनिअर म्हणाले, "पुट्टी मारून रंग देतो, दिसणारसुद्धा नाही." ओल न दिसणं आणि ओल नसणं यात फरक आहे! पाणी आत मुरत राहिलं की गिलाव्याला लोणा लागतो, पोपडे सुटतात. तेच पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचलं तर ती गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते.

घरं महागतात ती जागेच्या भावाने, व्याजाने, मागणीने. त्यातून कामाचा दर्जा वाढत नाही. उलट घाई झाली की कात्री लागते ती झाकल्या जाणाऱ्या कामाला: वॉटरप्रूफिंगचा एखादा थर, सांध्यावरची जाळी, क्युरिंगचे दिवस. साध्या सिमेंटच्या काँक्रीटलाही निदान ७ दिवस ओलं ठेवावं लागतं, आणि त्याची ताकद २८ दिवसांनी मोजतात. हे दिवस वाचवले तर नंतर कोणत्याही रंगाने भरून निघत नाहीत.

मी प्रत्येक दोषाचा तारखेसह फोटो काढला, खोलीवार यादी केली आणि करारातल्या दोषदुरुस्तीच्या कलमाचा उल्लेख करून लेखी पाठवली. तोंडी आश्वासनं बरीच मिळाली. मी प्रत्येक वेळी तेच लिहून मागितलं. बाथरूमची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं, आणि फरशी बसवण्याआधी पुन्हा पाणी साठवून दाखवायचं, या अटीवरून बरीच ओढाताण झाली. शेवटी त्यांनी ती मान्य केली. दुसऱ्या चाचणीत खालचं छत कोरडं राहिलं. पोकळ फरशा बदलल्या, भेगेवरचा गिलावा काढून जाळी बसवली. मग मी हप्ता भरला.

इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरही भेगा आहेत, त्या मात्र तशाच आहेत. त्या सगळ्या इमारतीच्या असल्याने एकट्याच्या यादीत बसत नाहीत. आता आम्ही सगळे घरमालक मिळून एकच लेखी मागणी देतो आहोत, आणि ती दुरुस्ती होईपर्यंत सामाईक भागाचा ताबा घ्यायचा नाही असं ठरवलं आहे.