पिशवी पलंगावर उलटी करा

खान्देशातल्या कॅन्सर वॉर्डात क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून माझं काम रुग्णाच्या पिशवीपासून सुरू होतं. "गोळ्या कोणत्या चालू?" विचारलं की उत्तर येतं, "बीपीनी, पांढरी शे." एवढ्यावर भागत नाही. पिशवी पलंगावर रिकामी करायला लावतो; प्रत्येक पाकिटावरचं नाव, मिलिग्रॅम आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहितो. मग ती यादी वॉर्डाच्या औषधतक्त्याशी ताडून पाहतो.

गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक बहुतेक जण सांगतच नाहीत, काढाही नाही. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मूत्रपिंडाला आधीच त्रास देतं, त्यात डायक्लोफेनॅक पडली की धोका वाढतो. मे महिन्याच्या उन्हात अमळनेर-पारोळ्याहून एसटीनं आलेल्या माणसाच्या अंगात पाणी कमी असतं. म्हणून मागच्या आठवड्याचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) चालवून घेत नाही, नवं मागतो. वजनही दर भरतीला पुन्हा घेतो. डोस वजन-उंचीवरून ठरतो आणि तंबाखूनं झालेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये घास गिळवत नसल्यानं वजन झपाट्यानं उतरतं.

याच रुग्णांना नाकातून नळी असते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथं वाटते. नातेवाईक मायेनं सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून नळीतून सोडतात. नावापुढे 'एसआर' असलेली मॉर्फिनची गोळी १२ तास हळूहळू विरघळायला बनवलेली असते. ती कुटली तर सगळं मॉर्फिन एकदम अंगात जातं, माणूस गुंगतो, श्वास मंदावतो. ३० मिलिग्रॅमची एसआर गोळी दोनदा चालू असेल, तर त्याऐवजी साधी १० मिलिग्रॅमची दर ४ तासांनी, म्हणजे दिवसाचे तेच ६० मिलिग्रॅम, असा बदल डॉक्टरांकडून लिहून घेतो. मॉर्फिनची ही साधी गोळी कुटली तरी चालते. केमोच्या गोळ्या मात्र घरच्या खलबत्त्यात कुटायच्याच नाहीत, ती पूड श्वासातून कुटणाऱ्याच्या अंगात जाते.

मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध लिहिलंय का, तेही पाहतो. उलटीसाठी दिलेलं ऑनडॅनसेट्रॉन बद्धकोष्ठ आणखी वाढवतं.

अंग तापलं तर आधी थर्मामीटर, मग पॅरासिटामॉल. केमोनंतर १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप तासभर टिकला, तर पांढऱ्या पेशी तपासून अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागतं. गोळीनं ताप झाकला की तो वेळ हातचा जातो.

घरी सोडताना तोच कागद पुन्हा काढतो. बंद झालेल्या गोळीवर काट मारतो आणि तिचं पाकीट पिशवीत परत जाऊ देत नाही.