थप्पी

मे महिन्यात नागपुरात ऑफिसचं इंटिरिअर चालू असलं की तिसऱ्या मजल्यावर कूलर लागतोच. तो आमचा पहिला वैरी. डक्टमध्ये एसी अजून सुरू नसतो, बाहेर पारा 44 वर, आणि ठेकेदार भला मोठा लोखंडी कूलर आणून नेमका पुट्टी घासणाऱ्याच्या तोंडासमोर ठेवतो. एकाने घासलेली धूळ पुढच्या चार जणांच्या नाकात. बंद करा म्हणालो तर सगळे माझ्याकडे असे पाहतात की मीच उन्हाचा मालक. शेवटी वर्धा रोडच्या त्या साइटवर कूलर घासणाऱ्याच्या पाठीशी घेतला आणि समोरची खिडकी उघडायला लावली. धूळ निदान बाहेर जायला लागली.

मी कंत्राटावरचा सेफ्टी ऑफिसर. एका वेळी तीन साइट्स, प्रत्येकीला आठवड्यातून दोन फेऱ्या. जोखमीचा तक्ता भरायचा: घडण्याची शक्यता किती, झालं तर परिणाम किती, दोन्ही पाचपैकी, गुणाकार करायचा. आकडा मोठा आला की लाल रंग. त्या सोमवारी जिप्सम पार्टिशनच्या कामाचा तक्ता मी मन लावून भरला होता. जॉइंटची घसाई 16. टॉयलेटच्या बाजूचे सिमेंट बोर्ड कोरडेच ग्राइंडरने कापत होते, ते 15. जिप्समची धूळ डोळ्याला, घशाला त्रास देते. सिमेंट बोर्डातली सिलिका, म्हणजे वाळूची अतिबारीक धूळ, फुप्फुसात जाऊन बसते. आणि नाकाला काय, तर दुपट्टा! जाड धूळ अडते त्याने, बारीक नाही.

कटर 12. इथे थोडं सांगतो, कारण हे काम मला पाहायला आवडतं. चांगला मिस्त्री जिप्सम बोर्ड कापत नाही, मोडतो. ॲल्युमिनियमची पट्टी लावून वरच्या कागदावर एक रेघ, मागून गुडघ्याचा हलका धक्का, बोर्ड काटकन मोडतो, मग मागचा कागद चिरायचा. धूळ जवळपास नाहीच. जखम होते ती पट्टी दाबून धरणाऱ्या डाव्या हाताला, आणि बहुतेक वेळा बोथट पात्याने, कारण जोर लावावा लागतो आणि पातं घसरतं. नवा माणूस आला की मी त्याचं डावं बोट पाहतो. सगळा बायोडाटा तिथे असतो. ठेकेदार लाखांची बिलं लावतो आणि पात्यांची डबी मात्र स्वतःच्या खिशात ठेवतो, हे काही मला समजलेलं नाही.

आणि जिप्सम बोर्डाची शीट उचलणे-ठेवणे: 6. साडेबारा मिलिमीटरची सहा बाय चारची शीट साधारण 19 किलो. दोघं उचलतात. नियमात एकट्या पुरुषाला 55 किलोपर्यंत मुभा. मग सहा पुष्कळ झाले.

त्याच दिवशी आणखी दोन शेरे मारले. नोंद 4: जिन्याकडच्या वाटेवर शीटची आडवी थप्पी आहे, वाट मोकळी करा. नोंद 5: भिंतीलगत स्टडचा, म्हणजे पार्टिशनच्या सांगाड्याच्या उभ्या पट्ट्यांचा, गठ्ठा पडलाय, उचला.

नोंद 4 तासाभरात पूर्ण. फोटोसुद्धा ग्रुपवर. बाकी वेळी चार चार स्मरणपत्रं पाठवावी लागतात! फोटोत वाट मोकळी होती, मी अंगठा दिला आणि सही केली. शीट कुठे गेल्या ते फोटोच्या कडेला दिसत होतं: 28 शीट लांब बाजूवर उभ्या, भिंतीला टेकवलेल्या. बोर्ड आडवेच ठेवावेत हे मला पाठ आहे. या तर जवळपास सरळ उभ्या, खालची कड भिंतीपासून अर्धी वीतही पुढे ओढलेली नव्हती.

बुधवारी चारच्या सुमारास बालाघाटचा एक पोट्टा, एकोणीस वर्षांचा, टॉयलेटसाठी ओल सोसणारी हिरवी शीट शोधत होता. ती मागे गेलेली. साडीच्या दुकानात घड्या चाळाव्यात तशा तो एकेक शीट पुढे झुकवून स्वतःच्या छातीवर घेत गेला. चार-पाच शीटपर्यंत जमतं. दहाव्याला झुकलेलं वजन दोन क्विंटलच्या जवळ जातं आणि मागे सरकायला जागा नसते. मी त्या मजल्यावरच होतो, पाठमोरा. धाड असा आवाज आलाच नाही. फस्स झालं, हवा दाबल्यासारखं, मग पांढरी धूळ, मग त्याचा आवाज.

पंधरा-सोळा शीट पडल्या होत्या. सगळ्या एकदम उचलायला सहा जण धावले, हलल्याच नाहीत. मिस्त्री ओरडला, “एक-एक निकालो बे!” तसं काढलं. उजव्या पायाची नडगी मोडली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला हे नशीब. नशीब म्हणजे स्टडचा गठ्ठा. शीटची कड त्याच्यावर अडकून चार बोटं फट राहिली होती. नोंद 5, कोणी मनावर न घेतलेली.

तेव्हापासून हेच चालू आहे डोक्यात. जी नोंद ऐकली तिने पाय मोडला, जी ऐकली नाही तिने वाचवला. आणि तो आकडा 6. मी एकाच शीटचं वजन धरलं होतं. 28 शीट म्हणजे सव्वापाच क्विंटलच्या वर, आणि जाडी जेमतेम सव्वा फूट. दिसायला भिंतीला टेकलेलं दार. धूळ दिसते, रक्त दिसतं, ग्राइंडर ऐकू येतो. थप्पी गप्प उभी असते.

अहवालात “मूळ कारण” असा रकाना असतो. प्रोजेक्ट मॅनेजरचा फोन आला, “भाऊ, कामगाराचा निष्काळजीपणा लिहा ना, सगळे तेच लिहितात. काहून लांबवता?” मी लिहिलं: सोमवारची नोंद क्रमांक 4 आणि त्याखालची सही पाहावी. अहवाल दोनदा परत आलाय. सध्या माझ्या बॅगेत आहे.