नुसतं बसून अंग का आंबतं?

सोलापूर, शनिवार, रात्री साडेनऊ

सोलापूर-पुणे साधारण अडीचशे किलोमीटर. चालवणारा उतरतो, डिकी उघडून सामान काढतो. मागे बसून आलेले मात्र कंबर धरून उभे. घरचे हसतात, "तुम्ही काय केलंत? बसूनच आलात ना!" हे हसणं अन्यायाचं आहे.

डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ब्रेक लागला की ते पुढे झुकतं आणि मानेमागचे स्नायू त्याला ओढून धरतात. लेन बदलली की पोटाचे आणि कमरेचे स्नायू तोल धरतात. चालवणाऱ्याचंही तेच होतं, पण ब्रेक दाबणारा तोच, त्यामुळे त्याचं अंग क्षणभर आधीच सावरलेलं असतं. शिवाय हाताला स्टिअरिंगचा आधार. प्रवाशाचं अंग दर वेळी उशिरा सावरतं, म्हणून जास्त ताणाने. असे बारीक झटके चार तासांत किती बसत असतील, कुणी मोजत नाही.

त्यात थरथर. बसलेल्या माणसाच्या मणक्याला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी वर-खाली हालचाल सगळ्यात जास्त बाधते, आणि डांबर उखडलेला पट्टा किंवा पुलाचे सांधे नेमके तेच देतात. मागची सीट बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांच्या जवळ, म्हणून दणका तिथे अधिक. टायरमध्ये हवा जास्त असेल तर विचारूच नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा टायर थंड असताना भरायचा. एप्रिल-मेमध्ये गाडी पळाल्यावर तोच टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. तेव्हा हवा काढू नये, सकाळी टायर मऊ निघतो.

मोबाईल हे तर स्वतःहून ओढवलेलं दुखणं. डोळे म्हणतात अक्षरं जागेवर आहेत, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण वळतोय. या भांडणात मळमळ आलीच पाहिजे असं नाही. नुसती जांभई, जडपणा, कशातच मन नसणं, एवढ्यावरही ते भागतं. पुढे बसून लांबचा रस्ता बघणाऱ्याला हा त्रास कमी. उलटीची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घेतली तर उपयोगाची, पण तीही झोप आणते.

आता एसी. आतलीच हवा फिरवायचं बटण आपल्याकडच्या उन्हाळ्यात निघाल्यापासून उतरेपर्यंत दाबलेलंच असतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास. चार माणसं, काचा बंद, अर्धा तास, की तो दोन हजारांच्या पुढे सहज जातो. डोकं जड होतं आणि आपण उन्हाला दोष देतो. बेचाळीस अंशांत बाहेरची हवा सतत घेणं जमत नाही, हेही खरं. वीस मिनिटं आतली, पाच मिनिटं बाहेरची, एवढं पाळलं तरी फरक पडतो.

पाठीला उशी कशाला विकत घ्यायची? सोलापुरी टॉवेल घरात आहेच. हात पुसायचा छोटा टॉवेल गुंडाळून सात-आठ सेंटीमीटर जाडीचा करायचा आणि पट्ट्याच्या किंचित वर, कमरेच्या खळग्यात ठेवायचा. चादरीची गुंडाळी करू नये. ती इतकी जाड होते की माणूस पुढे ढकलला जातो आणि खांदे सीटवरून सुटतात. पाठ थोडी मागे कललेली हवी, अगदी ताठ नको. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याइतका वर. तो मानेशी ठेवला तर डुलकीत डोकं मागे लोंबतं. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पिशवी सरकवावी, नाहीतर सीटची कड मांडीखाली रुतते आणि पायांना मुंग्या येतात.

पुण्याला दुपारी दोननंतर निघाल्यास ऊन समोरून आणि डावीकडून येतं. म्हाताऱ्या माणसांना उजवी खिडकी द्यावी.

टेंभुर्णी आणि भिगवण, दोन थांबे पुरेत. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं चालायचं, नुसतं टपरीवर टेकायचं नाही. पाणी लघवीच्या भीतीने टाळतात, ते चुकतं. भिगवणला मासे दिसले की मोह होतो, पण पोटभर जेवून परत सीटवर बसलात तर पाटसपर्यंत डोळे उघडे राहत नाहीत. त्यापेक्षा कडक भाकरी, दही आणि जरा बेतानेच शेंगा चटणी.