तुम्ही विचारलंत म्हणून: सणाचा एक फोन

"दोन वर्षं मुलगा घराबाहेर, आणि फोन फक्त नाताळला आणि मदर्स डेला? तुला जमलं तरी कसं गं?"

हे मला बहिणीने विचारलंय, मावशीने विचारलंय, इथल्या मराठी मैत्रिणींनी तर कितीदा. आता धाकटी मुलगीही जाऊन आली म्हटल्यावर परत तोच प्रश्न सुरू झालाय, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

आधी थोडं मागचं. मी युटामध्ये राहते, नवरा आणि सासरचे सगळे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे, म्हणजे ज्यांना आपल्याकडे मॉर्मन म्हणतात ते. मी स्वतः बाप्तिस्मा घेतलेला नाही, पण मुलं त्याच चर्चमध्ये वाढली आणि मिशनला, म्हणजे घर सोडून चर्चच्या धर्मप्रसाराच्या कामाला, जायचं हे त्यांनी आपणहून ठरवलं. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. कुठे जायचं ते आपण ठरवत नाही, चर्चकडून पत्र येतं त्यात लिहिलेलं असतं. पूर्वी मुलांना १९ आणि मुलींना २१ पूर्ण लागायची, २०१२ मध्ये ते १८ आणि १९ केलं. त्यामुळे माझा मुलगा बारावी संपवून त्याच उन्हाळ्यात गेला, जून २०१६, मिसरूड नीट फुटली नव्हती. पगार किती असंही विचारतात लोक. पगार नसतो, उलट तेव्हा आम्हीच महिन्याला ४०० डॉलर भरत होतो. आणि एकटं कुठे जायचं नाही, चोवीस तास एक कंपॅनियन बरोबर, तोही तसाच अठरा-वीस वर्षांचा पोरगा, कोणाचातरी.

फोनचा नियम तेव्हा असा होता की आठवड्यातून एकदा, पी-डेला, म्हणजे कपडे धुवायच्या-बाजार करायच्या सुट्टीच्या दिवशी, घरी ईमेल करायचा. आवाज मात्र वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डे. नवरा १९८९ ला गेला होता तेव्हा तर ईमेलही नव्हता, चिलीहून पत्र यायला दोन-तीन आठवडे लागायचे आणि सासूबाईंनी ती सगळी बुटाच्या खोक्यात तारीखवार लावून ठेवलीयत. त्यामुळे त्या घरात कोणाला यात काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटत होतं. पण पोरगा इतका आनंदाने निघाला होता की मी तोंड उघडलं नाही.

त्याला फिलिपिन्स मिळालं. इथेच युटात, प्रोव्होला चर्चच्या प्रशिक्षण केंद्रात सहा आठवडे टागालोग ही तिकडची भाषा शिकला आणि मग थेट बिकोल भागातल्या नागा मिशनमध्ये. पहिला फोन येणार होता नाताळात, म्हणजे घरातून निघाल्यावर सहा महिन्यांनी, आणि मी त्याची तयारी ऑक्टोबरपासून करत होते. पार्सल ऑक्टोबरातच पाठवलं होतं (ते त्याला फेब्रुवारीत मिळालं, ती गोष्ट वेगळी), आणि एका वहीत प्रश्न लिहून काढले होते. पाणी उकळून पितोस का, बूट भिजल्यावर काय करतोस, तो दात दुखत होता त्याचं काय झालं, असे चांगले दीड पान.

तिकडची वेळ हिवाळ्यात आमच्या पंधरा तास पुढे, म्हणजे त्याची नाताळची सकाळ ही आमची चोवीस तारखेची दुपार. साडेतीनपासून आम्ही अकरा जण लॅपटॉपसमोर बसलो होतो, सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची पोरं. आणि त्याच दिवशी तिकडे चक्रीवादळ येणार होतं. ते लोक त्याला निना म्हणत होते, बाहेरच्या बातम्यांत नॉक-टेन. म्हणून त्यांना सांगितलं होतं की सकाळीच फोन उरका आणि मुक्कामी परत या, मग बाहेर पडायचं नाही.

चारला दहा मिनिटं कमी असताना स्काइप वाजलं. चर्चच्याच एका कुटुंबाच्या घरी बसला होता. मागे खिडकीशी त्या घरची बाई स्टुलावर चढून पारोल काढत होती, वारा सुटायच्या आत. पारोल म्हणजे त्यांचा नाताळचा कंदील, बांबूच्या काड्यांचा पाच टोकांचा तारा आणि वर रंगीत कागद. अगदी आपला आकाशकंदील हो, शेपट्यांसकट! मी सहा महिन्यांनी पोराचं तोंड बघत होते आणि माझी नजर त्या कंदिलावर गेली, कारण लहानपणी तो माझ्याबरोबर बसून असाच कंदील चिकटवायचा आणि खळ सगळी केसांना लावून घ्यायचा.

बोलायला त्याला शब्द सापडत नव्हते. सासूबाईंनी काहीतरी विचारलं तर पटकन "ओपो" म्हणाला आणि थांबला. ओपो म्हणजे मोठ्या माणसाला म्हणायचं "हो", आपल्या अहो-जाहोसारखं त्या भाषेत 'पो' लावतात. सहा महिन्यांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं की आजीशी इंग्रजीत बोलतानाही तेच तोंडात आलं. आणि मी बघत होते त्याची कॉलर. पांढऱ्या शर्टाची कॉलर मानेपाशी विरली होती आणि ती निळ्या दोऱ्याने शिवलेली होती, वेडेवाकडे मोठे मोठे टाके. मी विचारलं कोणी शिवलं, तर म्हणाला मीच, पांढरा दोरा संपला होता. ज्याला मी कधी सुई हातात धरायला लावली नाही त्याने.

त्यांच्या मिशनमध्ये चाळीस मिनिटांची मर्यादा होती. अकरा माणसं, प्रत्येकाला हॅलो म्हणायचं, मधेच चित्र गोठायचं, परत जोडायचं. माझ्या वाट्याला किती आली असतील, सहा-सात मिनिटं. त्यात मी वहीतले प्रश्न विचारत बसले, पाणी, बूट, दात, आणि तो हो-नाही करत गेला. वेळ संपत आल्यावर त्याने सगळ्यांसमोर बाय केलं आणि पडदा काळा झाला, आणि मला तेव्हा कळलं की तो कसा आहे हे मी विचारलंच नाही.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, त्यांच्या वेळेने, वादळ कातानदुआनेस बेटावर धडकलं आणि रात्री नागाच्या बाजूला कामारिनेस सूरमध्ये घुसलं. आमच्याकडे तेव्हा नाताळची पहाट होती, पोरं भेटवस्तूंचे कागद फाडत होती आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर वादळाचा नकाशा बघत होते. सोमवार त्याचा पी-डे, ईमेल आला नाही. मिशन ऑफिसकडून सगळ्या आईवडिलांना दोन ओळींचा निरोप आला की सगळी मुलं सुखरूप आहेत, वीज नाहीये. देव त्यांचं भलं करो, त्या दोन ओळींवर मी आठवडा काढला. मग त्याचा ईमेल आला, आम्ही छपरं दुरुस्त करतोय, मजेत आहे, काळजी करू नकोस.

हे "मजेत आहे" लक्षात ठेवा, कारण मला जे सांगायचंय ते इथेच आहे.

जानेवारी ते मे दर आठवड्याला ईमेल आला. फोटो असायचे, चिखलातली सायकल, लहान पोरं, मोठ्ठा मासा. प्रत्येकात मजेत आहे. मी ते प्रिंट करून ठेवत होते. मग १४ मे, मदर्स डे, आमच्या सकाळी सहाला फोन आला, तिकडे रात्रीचे आठ. या वेळी मी आधीच सांगून ठेवलं होतं की खोलीत फक्त आम्ही तिघं, मी, नवरा आणि धाकटी, आणि वही नाही. मी फक्त म्हटलं, बोल बाळा. आणि तो "आई" म्हणाला आणि पुढे काही बोललाच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मला तेवढ्यात कळलं.

फेब्रुवारीपासून त्याला झोप नव्हती. कंपॅनियनशी पटत नव्हतं, दोघं दिवसदिवस कामापुरतंच बोलायचे, आणि चोवीस तास त्याच माणसाबरोबर राहायचं म्हणजे काय ते बघा. त्यात गावात कोणी दार उघडत नव्हतं, आणि त्याला वाटायला लागलं होतं की आपणच कमी पडतोय. तीन महिने! आणि माझ्याकडे तीन महिन्यांचे बारा ईमेल फाइलला लावलेले, सगळे मजेत. पोराने खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही, लिहायला बसलं की माणूस आपोआप बरं बरं लिहितो, विशेषतः आई वाचणार असेल तर. आवाजात ते लपत नाही. त्या दिवशी आम्ही त्याला मिशन प्रेसिडेंटशी, म्हणजे तिथल्या मिशनच्या प्रमुखाशी, बोलायला लावलं, कंपॅनियन बदलला, हळूहळू तो सावरला आणि पूर्ण दोन वर्षं करून जून २०१८ ला परत आला. पण मदर्स डे मे ऐवजी ऑगस्टमध्ये असता तर?

म्हणून कोणी मला म्हणालं की किती मोठा त्याग, किती संयम, तर मला ते मनापासून नको वाटतं. जमलं नाही मला. दोन वर्षांत चार फोन, ते आले-गेले, इतकंच.

नवऱ्याचं मत वेगळं आहे, तेही सांगते कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणतो सणाच्या फोननंतरचे तीन-चार दिवस मुलाला सगळ्यात जड जातात. घर विसरून कामाला लागलेला असतो आणि एका फोनने सगळं ढवळून निघतं, त्याला स्वतःला चिलीत तसं झालेलं. जेवढे फोन कमी तेवढं मन लागतं असं जुन्या लोकांचं म्हणणं. पण मला वाटतं, सहा महिन्यांचं साठवून चाळीस मिनिटांत ओतायचं म्हटल्यावर ढवळणारच ना. रोजचं असलं की नाही ढवळत.

तर १५ फेब्रुवारी २०१९ ला चर्चने नियम बदलला. आता दर आठवड्याला पी-डेला फोन, व्हिडिओ कॉल, मेसेज, काहीही चालतं, शिवाय नाताळ, वाढदिवस वगैरे आहेच. घरच्यांनी मुलाच्या कामात जास्त सहभागी व्हावं म्हणून, असं कारण दिलं होतं. मुलगा परत येऊन आठच महिने झाले होते. बातमी मी मुलालाच वाचून दाखवली, तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, बरं झालं.

धाकटी २०२२ ला गेली, ह्यूस्टनला, स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीत. वेळेचा फरक एक तास. तिचा नाताळचा फोन आला तेव्हा आधीच्या सोमवारी बोलणं झालंच होतं, त्यामुळे नवीन काही सांगायचं नव्हतं. तिने फोन कशालातरी टेकवून ठेवला आणि ती आणि तिची कंपॅनियन कपड्यांच्या घड्या घालत बसल्या. मी इकडे भाजी निवडत होते. वीस मिनिटं कोणी काही बोललं नसेल. मधेच म्हणाली, आई तुझ्यामागे तो दिवा लुकलुकतोय, बल्ब बदला. असा नाताळचा फोन मुलाच्या वेळी मिळाला असता तर मी काय दिलं नसतं!

आणि तिलाही वाईट आठवडे आले, सगळ्यांना येतात. पण ते मला त्याच आठवड्यात कळायचे. "बरी आहेस?" या प्रश्नाला उत्तर यायला अर्धा सेकंद जास्त लागला की मी ओळखायचे, आणि तीही ओळखायची की मी ओळखलं.

एक मात्र मला शिकायला वेळ लागला. नव्या नियमात फोन मुलांनी करायचा असतो, आपण नाही, आणि दर आठवड्याला केलाच पाहिजे असंही नाही, त्यांच्या समजुतीवर सोडलंय. सुरुवातीला एक सोमवार तिचा फोन आला नाही तर मी रात्री अकरापर्यंत फोन हातात धरून बसले होते आणि दुसऱ्या दिवशी लांबलचक मेसेज लिहायला घेतला. नवऱ्याने तो पाठवू दिला नाही आणि बरोबर केलं त्याने. ती त्या दिवशी कंपॅनियनच्या आजारपणात अडकली होती, पुढच्या सोमवारी स्वतःच सगळं सांगितलं.

शेजारच्या बाईंचा मुलगा या उन्हाळ्यात निघतोय, परवा त्यांनीही हेच विचारलं, पहिल्या नाताळला काय करू म्हणून. मी म्हटलं, आजी-आजोबांचा वेगळा फोन ठेवा, सगळं गणगोत एका स्क्रीनपुढे बसवू नका. वही काढू नका. आणि तो गप्प बसला तर लगेच भरायला जाऊ नका, बसू द्या त्याला गप्प, तुम्ही फक्त फोन ठेवू नका.