टेबल सॉ जळका काप देतोय? पातं बदलायच्या आधी हे तपासा

लाकूड जळकं निघायला लागलं की पहिला संशय पात्यावर जातो. नवं पातं येतं, थोडे दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. नव्या धारेनं दोष झाकला जातो, जात नाही. सोलापुरात सुतारांकडं चालणारी बरीच मशीनं स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेली असतात. अँगलची चौकट, वर एमएसची (साध्या पोलादाची) जाड प्लेट, खाली दोन पेडेस्टल बेअरिंगवर (बोल्टनं चौकटीला बसवलेल्या ब्लॉकमधलं बेअरिंग) शाफ्ट आणि पट्ट्यानं जोडलेली मोटर. अशा मशीनवर धारेपेक्षा रेषाच चुकलेली असण्याची, म्हणजे पातं टेबलावरच्या खाचेला समांतर नसण्याची शक्यता जास्त.

कापलेली कड उजेडात तिरकी धरा. तिच्यावर दात्यांच्या कमानी दिसतात. पुढच्या दात्यांच्या एका बाजूला झुकलेल्या, मागच्या दात्यांच्या उलट्या. दोन्ही पुसट असतील तर ठीक. उलट्या कमानी खोल असतील आणि तिथंच काळे डाग असतील, तर पात्याची मागची बाजू लाकडाला घासतेय. डाग फक्त गाईडकडच्या (फळी ज्या सरळ पट्टीला टेकवून ढकलतो तिच्याकडच्या) तुकड्यावर असतील तर गाईडचं मागचं टोक पात्याकडं झुकलेलं असतं. दोन्ही तुकडे सारखेच जळाले, तर मात्र धार, दात्यांवरचा चीक किंवा फार सावकाश ढकलणं.

आता माप. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. एका दात्यावर मार्करनं खूण करा. मायटर गेजला (टेबलाच्या खाचेत सरकणारा, आडव्या कापासाठीचा आधार) एक लाकडी पट्टी क्लॅम्प करून तिच्या टोकात स्क्रू बसवा आणि तो खुणेच्या दात्याला जेमतेम टेकेल असा फिरवा. मग पातं हातानं फिरवून तोच दाता मागच्या बाजूला आणा, गेज तिथं सरकवा आणि स्क्रू व दात्यामधली फट फीलर गेजनं मोजा. गाडीचे टॅपेट सेट करायला वापरतात तेच गेज चालतं. मागं स्क्रू दात्याला अडला, तर तो तिथं टेकवून घ्या आणि फट पुढं मोजा. दाता तोच हवा. दुसरा घेतला तर पात्याचा स्वतःचा वाक मापात मिसळतो. फरक 0.1 मिमीपर्यंत असेल तर हात लावू नका, त्याहून जास्त असेल तर दुरुस्त करा.

दुरुस्ती पेडेस्टलवर होते. एका पेडेस्टलचे दोन्ही बोल्ट थोडे सैल करा आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून हातोडीनं हळू सरकवा. किती, ते हिशेबानं निघतं: पात्यावर 230 मिमी अंतरात 0.5 मिमी फरक असेल आणि दोन पेडेस्टलमध्ये 300 मिमी अंतर असेल, तर सरकवायचं साधारण 0.65 मिमी. बोल्ट आवळताना ब्लॉक पुन्हा हलतो, म्हणून आवळून झाल्यावर परत मोजा. ज्या मशीनवर पात्याऐवजी टेबलच वर-खाली होतं, तिथं टेबल खाली आणि वर अशा दोन्ही जागी लॉक करून बघा. दोन मापं वेगळी आली तर टेबलच्या बिजागरीत किंवा सरकपट्टीत ढिलाई आहे, पेडेस्टल कितीही हलवलं तरी उपयोग नाही.

पेडेस्टलच्या बेअरिंगला शाफ्टवर धरणारे दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) असतात, तेही ॲलन कीनं तपासा. थरथरीनं ते सुटतात, शाफ्ट बाजूला सरकतो आणि कापाची जाडी आपोआप बदलायला लागते. गाईडचा दोष समजून लोक तासन् तास गाईड ठोकत बसतात. शाफ्टवर स्क्रूची नीट जागा नसेल तर एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून छोटा खड्डा पाडून घ्या. बेअरिंग बदलायचं असेल तर नंबर रिंगवर कोरलेला असतो. यूसीपी 205 म्हणजे 25 मिमी शाफ्ट, 204 म्हणजे 20.

गाईड पात्याला समांतर हवं. चुकलंच तर मागचं टोक पात्यापासून 0.1 ते 0.2 मिमी लांब चालेल, पात्याकडं झुकलेलं अजिबात नको. तसं असेल तर फळी चिमटीत सापडते आणि उलटी अंगावर येते. त्यासाठीच पात्यामागं रायव्हिंग नाईफ, म्हणजे कापलेली फट मिटू न देणारी उभी पट्टी लागते. स्थानिक मशीनवर ती नसतेच बहुतेक, पण बनवून बसवता येते. पात्याची पत्र्याची जाडी 1.8 मिमी आणि काप 2.8 मिमी असेल तर 2.2 ते 2.5 मिमीची पोलादी पट्टी घ्या. दात्यांपासून अंतर 3 ते 8 मिमी, आणि पट्टी बरोबर पात्याच्या रेषेत. हे काम टाळू नका, माझा सगळ्यात जास्त आग्रह याचाच आहे.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, ही उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार. लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. प्लग काढून पातं हातानं फिरवा. मोकळं फिरलं तर दोष कपॅसिटरचा किंवा सेंट्रिफ्यूगल स्विचचा (मोटरनं वेग घेतला की सुरुवातीचं वाइंडिंग तोडणारा स्विच). कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याच्या टोकांना 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून आत साठलेली वीज उतरवून घ्या. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट कमी नकोत. पण त्याआधी वायर बघा. 2 एचपी सिंगल फेज मोटर भारावर 10–12 अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. 30 मीटर लांब, 1 स्क्वेअर मिमीच्या एक्स्टेंशनवर सुरुवातीला 60 अँपिअर ओढले तर सुमारे 65 व्होल्ट वायरमध्येच जातात. 230 चे 165 उरतात आणि मोटरचा जोर निम्म्यावर येतो. वायर 2.5 स्क्वेअर मिमीची घ्या आणि जमेल तेवढी आखूड ठेवा. थ्री फेज असेल तर गुणगुण म्हणजे बहुधा एक फेज गेलेली. लाइनवर काही काम झालं की फिरण्याची दिशा तपासा: वरचे दाते तुमच्याकडं यायला हवेत.

पट्टा दाबून बघा. दोन पुलींच्या मध्यांतलं अंतर 300 मिमी असेल तर मधोमध अंगठ्यानं 5 मिमीच्या आसपास दबला पाहिजे. मोटर 1440 आरपीएमची, पुली 6 इंची आणि शाफ्टची 2 इंची असेल तर पातं 4320 नं फिरतं. पात्यावर छापलेली कमाल गती याहून जास्त आहे ना, ते आधी वाचा.

पात्याचं काय? 10 इंची पात्यात उभ्या कापाला 24 ते 30 दाते, आडव्या कापाला आणि प्लायला 60 ते 80. ऐंशी दात्यांच्या पात्यानं सागवान उभं चिरलं तर ते जळणारच, भुसा बाहेर पडायला जागाच नसते. चीक साठला असेल तर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून पातं पंधरा मिनिटं ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशनं घासा. कॉस्टिक सोडा नको, गॅसवर तापवणंही नको, दात्यांच्या टोकांना जोडलेल्या कठीण टिपांचा जोड कमजोर होतो.

माळवदाची घरं पाडली की तुळया आणि कडीपाट स्वस्तात मिळतात. लाकूड उत्तम असतं, पण भेगांत पांढरी माती घट्ट बसलेली असते आणि खिळ्यांची डोकी गंजून लाकडात बुडालेली असतात. माती तारेच्या ब्रशनं आणि हवेनं काढा, ताकदीचं लोहचुंबक चारही बाजूंनी फिरवा. कापताना ठिणगी दिसली तर मशीन बंद करून खालचा भुसा हातानं उकरून बघा. तो आत बराच वेळ धुमसत राहतो.

महिन्यातून एकदा खालचा भुसा पूर्ण काढा. उंची आणि कोनाच्या गिअरला ग्रीस लावू नका, भुसा चिकटून दगडासारखा होतो. तिथं ग्राफाइट पावडर किंवा कोरडं मेण लावा. पेडेस्टलच्या निपलला मात्र लिथियम ग्रीसचे दोन-तीन झटके द्या. वरच्या प्लेटवर पावसाळ्याआधी पेस्ट वॅक्स लावून कापडानं पुसून घ्या. गाडीचं पॉलिश सिलिकॉनचं असेल तर वापरू नका, ते लाकडाला लागतं आणि नंतर पॉलिश धरत नाही.