तुम्ही विचारलंत म्हणून: मीटर रीडिंगच्या कामात हातात किती उरतं?

"बारावी झालीय, गाडी आहे, मोबाइल आहे. वीजमीटरचं रीडिंग घ्यायला एजन्सीवाले मीटरमागे पैसे देतो म्हणतात. काम घेऊ का?" सोलापुरात हा प्रश्न वारंवार कानावर येतो. विचारणाऱ्यानं मनातल्या मनात गुणाकार आधीच केलेला असतो: दिवसाला २०० मीटर, मीटरला ४ रुपये, म्हणजे ८०० रुपये रोज. गुणाकार बरोबर आहे, पण त्यात धरलेले दोन्ही आकडे आधी तपासायला हवेत. दर एजन्सीगणिक आणि करारागणिक बदलतो, तो तुम्ही विचारणारच आहात. माझा आग्रह एवढाच की दराच्या आधी रूट विचारा. या कामातली खरी कमाई रूट ठरवतो.

रूट कसा ओळखायचा? वीजबिलावर चक्र, मार्ग आणि क्रम यांचे आकडे छापलेले असतात. त्यातला मार्ग म्हणजे तुमच्या वाट्याला येणारा रूट, आणि क्रम म्हणजे त्यावरचा घरांचा नंबर. घराजवळ गेल्यावर मोबाइलवरच्या रीडिंगच्या अॅपमध्ये ग्राहक उघडायचा, मीटरवर कोरलेला नंबर अॅपमधल्या नंबराशी जुळवायचा, डिस्प्लेवर केडब्ल्यूएचचा, म्हणजे वापरलेल्या युनिटचा, आकडा येईपर्यंत थांबायचं, फोटो काढायचा आणि आकडा भरायचा. नीट केलं तर मीटरला दीड ते दोन मिनिटं लागतात. डिस्प्ले स्वतःहून फिरत असतो. तारीख, वेळ, केडब्ल्यूएच, कमाल मागणी (एका वेळी ओढलेला सर्वांत जास्त भार) असं एकामागून एक दिसतं आणि घाईत कमाल मागणीचाच फोटो निघतो. बटण असेल तर दाबून पुढे नेता येतं, नसेल तर थांबावंच लागतं.

आता हीच दोन मिनिटं शहरात कशी बदलतात ते बघा. होटगी रोडला किंवा विजापूर रोडला अपार्टमेंट असेल तर पार्किंगमध्ये एकाच पॅनेलवर तीस-चाळीस मीटर असतात. उभ्या उभ्या पाऊण तासात होतात, पेट्रोल शून्य. जुळे सोलापुरात बंगले आहेत. प्रत्येक फाटक वेगळं, बेल वाजवायची, आतून कुणी येईपर्यंत थांबायचं, कुत्रं बांधायला सांगायचं. तिथं मीटरला चार मिनिटं सहज जातात. पूर्व भागात गल्ल्या अरुंद असल्या तरी दारं उघडी असतात. घरी विड्या वळणाऱ्या बाया दिवसा घरातच असतात, त्यामुळे लॉक, म्हणजे बंद दारं, कमी. मात्र विडी जमा करायला त्या कारखान्यात जातात ती वेळ टाळायची. यंत्रमागाच्या कारखान्यात थ्री फेज मीटर, काचेवर कापसाची धूळ, आणि केडब्ल्यूएचसोबत केव्हीएएच (वीजवापराचं आणखी एक मोजमाप) आणि कमाल मागणीचीही नोंद घ्यावी लागते. तेलुगू, कन्नड, हिंदी थोडं थोडं येत असेल तर दार लवकर उघडतं, हे वेगळं सांगायला नको. शहराच्या हद्दीत नंतर आलेल्या हद्दवाढ भागात घरं विरळ. दोन मीटरांमध्ये अर्धा किलोमीटर रिकामं रान आलं की दर तोच राहतो आणि पेट्रोल दुप्पट होतं.

म्हणून एजन्सीला विचारायचं: कोणता रूट, त्यात मीटर किती, त्यातले पॅनेलवरचे किती, थ्री फेज किती आणि सोलरचे किती. छतावर सोलर असलेल्या घरी आयात (बाहेरून घेतलेली वीज) आणि निर्यात (बाहेर दिलेली वीज) दोन्ही आकडे घ्यावे लागतात. त्याचा दर वेगळा आहे का? बहुतेक जण हे विचारत नाहीत.

लॉक घरांचं गणित सर्वांत जास्त फसवतं. दार बंद असेल, मीटर आत असेल, तर 'लॉक' अशी नोंद होते आणि ग्राहकाला सरासरी बिल जातं. तुमचा मात्र जाण्यायेण्याचा वेळ गेलेला असतो. लॉकचे पैसे मिळतात का, दुसऱ्या फेरीचे मिळतात का आणि ठरावीक टक्क्यांच्या वर लॉक गेले तर कपात आहे का, हे तिन्ही प्रश्न कागदावर उत्तरासह असायला हवेत. तोंडी 'बघू' म्हणाले तर ते 'नाही' समजा.

त्यानंतर येतात नाकारलेले फोटो. उन्हात काचेवर चकाकी येते आणि आकडा वाचता येत नाही. मीटरसमोर तिरकं उभं राहा, आपल्या अंगाची सावली काचेवर पाडा, मग फोटो काढा. मीटर उंच असेल तर सेल्फी स्टिक लागते. वीज गेलेली असेल तर पुष्कळ मीटरांचा डिस्प्ले बंद असतो, म्हणून निघण्याआधी त्या भागात वीज आहे ना, देखभालीचं काम तर नाही ना, हे बघून घ्या. दशांश चिन्हाची चूक सर्वांत महागात पडते. डिस्प्लेवर ४५२३.६ असेल आणि कुणी ४५२३६ भरलं तर रीडिंग दसपट होतं आणि बिलात चाळीस हजारांहून जास्त युनिट जादा लागतात. ग्राहक बिल घेऊन कार्यालयात जातो, रीडिंग पुन्हा घ्यावं लागतं आणि दंड असेल तर तो तुमच्या हिशेबातून जातो. शेजाऱ्यांच्या मीटरांची अदलाबदल, किंवा मीटर बदललं पण अॅपमध्ये जुनाच नंबर, असं आढळलं तर आकडा रेटून भरू नका. नोंद करा, फोटो ठेवा, वरच्याला कळवा. सील आणि झाकण यांना हात लावायचा नाही. पावसाळ्यात लोखंडी पेटीला टेस्टर लावल्याशिवाय स्पर्श करू नका.

आता एका महिन्याचा हिशेब मांडू. दर आणि खर्च मी धरलेले आहेत, तुमचे आकडे घालून पुन्हा करा. रीडिंगचे दिवस २०, रोज २०० मीटर, म्हणजे ४००० मीटर. ४ रुपयांनी १६,००० होतात. पाच टक्के लॉक आणि त्याचे पैसे नाहीत असं धरलं तर ८०० गेले, एक टक्का फोटो बाद झाले तर १६० गेले. उरले १५,०४०. रोज २५ किलोमीटर आणि लॉकच्या फेऱ्यांचे ८० किलोमीटर धरून महिन्याचे ५८० किलोमीटर होतात. सतत थांबत-निघत गाडी लिटरला ४० च्या आसपासच देते, म्हणजे साडेचौदा लिटर. १०५ रुपयांनी ते १,५२० होतात. ऑइल, टायर, ब्रेक, साखळी यांना किलोमीटरला ७५ पैसे धरले तर ४३५. गाडीची किंमत घटते त्याचे ४००. १२,००० चा फोन उन्हात आणि धुळीत दोन वर्षं टिकला तर महिन्याला ५००. रिचार्ज ३००. पॉवर बँक, टॉर्च, रेनकोट, चपला-बूट यांना २५०. खर्च ३,४०५. हातात ११,६३५ रुपये. मीटरची रोजची ४०० मिनिटं, ये-जा, संध्याकाळी अपलोड आणि बाद फोटो यांना धरून दिवसाचे आठ तास, शिवाय दुसऱ्या फेरीचे दहा, म्हणजे १७० तास. तासाला ६८ रुपये पडले. गुणाकारात जे ८०० रुपये रोज दिसले होते, ते कामाच्या २० दिवसांवर ५८० वर आले.

शेजारी ठेवून बघा: एखाद्या कारखान्यात किंवा दुकानात १२,००० पगाराची नोकरी आहे, सगळा पगार मूळ वेतन आहे, आणि पीएफ (भविष्य निर्वाह निधी) व ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू आहे. मालक पीएफमध्ये १२ टक्के म्हणजे १,४४० आणि ईएसआयमध्ये सव्वातीन टक्के म्हणजे ३९० स्वतःच्या खिशातून भरतो. तुमच्या नावावर महिन्याला १३,८३० चा खर्च होतो, आणि आजारपणात ईएसआयचा आधार मिळतो. मीटरमागे पैसे घेणाऱ्याला आजारी दिवसाचं काही मिळत नाही. कुत्रं चावलं तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं, पुढच्या इंजेक्शनांच्या तारखा पाळायच्या, आणि तेवढे दिवस मीटर कमी होतात. निदान वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँक खात्यातून सुरू करा. अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे आणि १८ ते ७० वयाला मिळतं. ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणीही करून घ्या.

पैसे कधी येतात हा दुसरा खड्डा. एजन्सीचं बिल मंजूर झाल्यावर तुमचं निघणार असेल तर पहिले दोन महिने पेट्रोल, रिचार्ज आणि घरखर्च आधीच जवळ हवा. नसेल आणि महिना तीन टक्क्यांनी २०,००० उचलले तर ६०० रुपये व्याज. म्हणजे दीडशे मीटर नुसतं व्याजासाठी वाचावे लागतात. वर्षात एका ठिकाणाहून एक लाखाच्या वर किंवा एकाच वेळी ३०,००० च्या वर रक्कम मिळाली तर वैयक्तिक कंत्राटदाराचा एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जातो. पॅन दिला नाही तर थेट २० टक्के. तो कापलेला पैसा विवरणपत्र भरून परत मागता येतो. भरणं सोडणारे दरवर्षी हक्काचे पैसे सोडतात.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहा ते अकरा आणि संध्याकाळी साडेचारनंतर, असंच काम करा. दोनशेचा आकडा त्या दिवसांत दीडशेवर धरा, नाहीतर हिशेब चुकतो. शिकता शिकता जोडकाम म्हणून, किंवा घरची गाडी आहे आणि रूट घराजवळ आहे अशा माणसाला हे काम बरं पडतं. घरातला एकमेव कमावता असाल तर फक्त पॅनेलचा दाट रूट मिळाला तरच घ्या.

एक शेवटची बाब, आणि ती गंभीर आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या वीज वितरण सुधारणा योजनेतून स्मार्ट मीटर बसवले जात आहेत. जिथं ते बसले तिथं रीडिंग आपोआप जातं, रीडर लागत नाही. रूट कमी होत जाणार हे धरूनच चाला. या कामाच्या भरवशावर हप्त्यानं नवी गाडी घेऊ नका, तीन वर्षांच्या हप्त्याला तेवढा काळ टिकणारं काम लागतं. आणि होकार देण्याआधी एक दिवस त्याच रूटवर सध्याच्या रीडरबरोबर फिरा, घड्याळ लावून. सकाळी ८ ते १२ मध्ये किती मीटर झाले, किती लॉक निघाले आणि किती किलोमीटर पडले हे लिहून घ्या, आणि वरच्या हिशेबात माझ्या आकड्यांच्या जागी ते घाला.